झाकलेलं ताट

बंबखान्यात जेवायला बसण्याचा एक नियम होता, आणि तो कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेला नव्हता. जेवता जेवता घंटा झाली, की उठताना प्रत्येकाने आपल्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायचं, त्यावर चमचा आडवा ठेवायचा आणि पळायचं. परत आल्यावर ज्याने झाकलं त्यानेच उघडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सफाईवाल्याने नाही, खुद्द साहेबांनीही नाही. ताट झाकलेलं आहे म्हणजे माणूस परत येतोय, इतका सरळ त्याचा अर्थ. आग विझवणारी ही माणसं एरवी बिनधास्त, शिवराळ, कुणाच्या बापाला न भिणारी. पण या एका बाबतीत एकजात भित्री.

ही ताटं वाढायचं काम पळीकाकांचं. काका काही जन्माचे आचारी नव्हते. तेही एके काळी शिडी खांद्यावर घेऊन धुरात घुसणारे जवान होते. लाकडाच्या वखारीच्या आगीत पायाखालची फळी गेली आणि गुडघ्याची वाटी फुटली. वरच्या ऑफिसने सांगितलं, आता घरी बसा. काका म्हणाले, "बसायचंच आहे ना? मग इथंच बसतो." आणि जाऊन बसले ते थेट स्वयंपाकघरात. तिथला आधीचा माणूस कंटाळून निघूनच चालला होता. हातात पळी आली, तीच नावाला चिकटली. घरी काकू लग्नापासून म्हणत आलेल्या, की या माणसाला चहा करता येत नाही. आणि इथं तोच माणूस अख्ख्या पाळीला जेवू घालायला लागला!

आता काका काय घालायचे, ते सांगायलाच हवं. लोण्यात परतलेलं मटण, तळलेले बटाटे, पांढरा पाव आणि त्या पावावर पुन्हा लोणी. आठवड्यातून एकदा भाजी, तीही कुणाच्या लक्षात येणार नाही अशी लोण्यात बुडवून. "आगीत जाणाऱ्या पोराला काय पाला घालू?" असं विचारायचे. जेवणाला कुणी नाव ठेवलं तर पळी दाखवायचे. पण नावं ठेवतंय कोण? सगळे बोटं चाटायचे, घंटेच्या धाकाने दोन घास एकदम कोंबायचे आणि मग छाती चोळत बसायचे. टेबलावर मिठाच्या शेजारी पित्ताच्या गुलाबी औषधाची बाटली कायमची असायची. तिला झाकण असं नव्हतंच, कारण लावायला उसंत कुणाला होती? छातीत जळजळ होत नाही असा जवान त्या केंद्रात सापडला नसता. तो त्यांचा रोजचा विनोद होता. कुणी छातीवर हात ठेवला की दुसरा ओरडायचा, "बंब काढा रे, आतच लागली!"

या जेवणाचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे थोरला. थोरला आणि धाकटा हे दोघे सख्खे भाऊ, दोघेही जवान, पण वेगवेगळ्या पाळीत. एका घरचे दोन जीव एका गाडीवर पाठवायचे नाहीत, असा साहेबांचा दंडक होता. थोरला काकांच्याच बरोबर भरती झालेला. काकांचा गुडघा फुटला तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आला तोच. सगळं केंद्र त्यांना पळीकाका म्हणायचं. हा मात्र म्हणायचा "पळ्या". अजून वाढ, असं तोंडाने कधी सांगायचा नाही. चमचा घेऊन ताटाच्या कडेवर दोनदा टिचकी मारल्यासारखा वाजवायचा, टिंग टिंग. काका खेकसायचे, "आलो रे, राक्षसा!" आणि हसत हसत वाढायचे. हे इतकी वर्षं चाललं होतं, की काकांचा हात तो आवाज ऐकताच आपोआप पातेल्याकडे जायचा.

त्या दिवशी दुपारीही तसंच झालं. थोरल्याने दोनदा वाढून घेतलं. मग छातीच्या मधोमध मूठ ठेवून चोळायला लागला आणि म्हणाला, "बाटली द्या रे." बाटली टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत हातोहात गेली. शिडीवाला नेहमीसारखा ओरडला, बंब काढा. सगळे हसले. काकाही हसले. थोरला म्हणाला, "आज जबडापण ठणकतोय राव." काका म्हणाले, "इतकं चावल्यावर ठणकणार नाही तर काय?" आणि मटणाचा एक तुकडा आणखी वाढला. तेवढ्यात घंटा झाली. थोरल्याने ताट झाकलं, चमचा ठेवला आणि गेला.

कपड्याच्या दुकानाची आग होती, वरच्या मजल्यावर. भरलेला पाइप खांद्यावर घेऊन थोरला जिने चढला, दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईला खाली आणलं, पुन्हा वर गेला. आग विझली. बंब केंद्रात परत आला. थोरला गाडीच्या पायरीवर बसला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "पळ्या, पाणी दे." काका लंगडत आत गेले, पेला भरून आणला. तेवढ्यात सगळं संपलं होतं. हेल्मेट मांडीवरून घरंगळलंही नव्हतं. ज्वाळांनी ज्याच्या केसाला धक्का लावला नाही, तो माणूस पायरीवर बसल्या बसल्या गेला.

आत टेबलावर सगळी ताटं झाकलेली. ज्याची त्याने उघडली, पण घास कुणाच्या घशाखाली उतरला नाही. थोरल्याचं ताट तसंच राहिलं. सफाईवाल्याने ते झाकणासकट उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. टाकायचं तरी कुणी? उघडायचा हक्क ज्याचा, तोच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावाला शेवटचं पोहोचवून धाकटा थेट केंद्रात आला. डोळे सुजलेले, बुटाला माती. "दादाचं ताट कुठंय?" त्याने विचारलं. काकांनी फ्रिजकडे बोट केलं. धाकट्याने ताट काढलं, वरचं ताट उचललं. मटणावर चरबी गोठून पांढरीफटक झाली होती, बटाटे मऊ पडले होते. त्याने उभ्या उभ्या ते सगळं खाल्लं. शेवटचा तुकडा खाऊन त्याने ताट धुतलं, फळीवर ठेवलं आणि साहेबांना म्हणाला, "दादाची जागा मला द्या. आता आमच्या घरचा एकच आहे, तुमचा दंडक मोडत नाही." साहेबांनी होकारार्थी मान हलवली. काका फ्रिजचं उघडं राहिलेलं दार लावायला गेले. हे पोर भावाचं जेवण जेवलं नाही, भावाचं मरण जेवलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा काका कांदा चिरत होते. जेवायची खोली रिकामी होती. पाळी बाहेर बंब धूत होती, पाण्याचा आणि शिव्यांचा आवाज येत होता. मागून स्पष्ट ऐकू आलं, टिंग टिंग. काकांचा हात सवयीने पातेल्याकडे गेला आणि तिथंच थांबला. वळून बघितलं. टेबल पुसून चकचकीत, खुर्च्या आत सरकवलेल्या, चमचे डब्यात. कुणी नाही. मग तो आवाज येतच राहिला. रोज नाही, पण यायचा. कढईत लोणी टाकलं, ते वितळून फेसाळायला लागलं, की हमखास.

घरी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुम्हाला झोप नाही, म्हणून कान वाजतायत."

"कान नाही वाजत गं," काका म्हणाले, "ताट वाजतंय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

केंद्राला एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, घाईने बोलणाऱ्या. थोरला गेल्यावर त्यांनी जवानांना एकत्र बसवून भाषण दिलं. जवानाला आगीपेक्षा त्याचं हृदयच जास्त दगा देतं, म्हणाल्या. बसल्या जागेवरून एकदम धाव, अंगावर ओझं, उष्णता, धूर, आणि त्यात असलं जेवण. मग त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं पूर्वापार कशी जेवत आली ते त्यात होतं. भाज्या, फळं, चणे, डाळी, कोंड्यासकटचा पाव, मूठभर अक्रोड, ऑलिव्हचं तेल, मासे. मटण क्वचित, लोणी जवळजवळ नाहीच. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तो समुद्रच आणा ना इथं, आग विझवायला होईल." सगळे खिदळले. संध्याकाळपर्यंत चित्रातल्या माशाला कुणीतरी मिशा काढल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी.

पण स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून काकांनी शब्द न् शब्द ऐकला होता. बाई निघाल्या तेव्हा ते त्यांच्या गाडीपाशी गेले आणि आडपडदा न ठेवता सरळ विचारलं, "म्हणजे मीच मारला का त्याला?"

बाई थांबल्या. खोटा दिलासा देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "एका हाताने असं काही होत नाही, काका," त्या म्हणाल्या. "सिगरेट होती, झोप नव्हती, वर्षानुवर्षांचा धूर होता, घराण्यात होतं. पण जेवणाचा काही वाटा नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल."

"घराण्यात म्हणजे?"

"वडील तसेच गेले ना त्यांचे? मग भावाला धोका आहेच. त्याला तपासणीला बोलावून बोलावून थकले मी. येतच नाही."

काकांना पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यांना दिसत होता तो फ्रिजपाशी उभा राहून गार चरबी गिळणारा धाकटा. त्याच जागी ते मनाशी म्हणाले, थोरल्या, तुझं तर झालं, पण याला मी असा जाऊ देणार नाही. आणि एकदा काकांनी मनात घेतलं, की मग घेतलंच.

पण घेतलं आणि केलं, यात फरक असतो. काकांनी उत्साहाच्या भरात एका दिवसात सगळं उलटं केलं. लोणी गायब, मटण गायब. टेबलावर आले उकडलेले चणे, कच्ची पानं आणि वर पिळलेलं लिंबू. जवानांनी ताटाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. शिडीवाला म्हणाला, "काका, आमच्यातली बकरी कोण आहे ते तरी सांगा." ड्रायव्हर उठून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि कागदाच्या पिशव्या भरून तळलेलं घेऊन आला. सगळ्या खोलीत तेलाचा वास पसरला. धाकट्याने आपलं ताट तसंच काकांपुढे सरकवलं.

"आमचं घर म्हणजे खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी," तो म्हणाला. "दादा ज्याच्यावर जगला, त्याच्यावर मी जगेन."

"ज्याच्यावर मेला त्याच्यावर!" काकांच्या तोंडून निघून गेलं.

धाकटा खुर्ची पाडून उठला. मारतो की काय असं वाटलं. पण तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "तुम्हीच वाढायचात ना?" आणि निघून गेला. काकांनी ते चणे पातेल्यात परत ओतले. त्या दुपारी लोण्याचा थेंबही नसलेल्या स्वयंपाकघरात तो आवाज पुन्हा आला. काका मागे न वळता म्हणाले, "बघितलंस ना तुझ्या भावाचं? आता तूच सांग काय करू."

वाट सापडली ती दुसऱ्याच बाजूने. एकदा सकाळीच बाई ऑलिव्हच्या तेलाचा डबा घेऊन आल्या होत्या. दोघं मिळून काय शिजवता येईल याची खलबतं चालली होती. तेवढ्यात घंटा झाली. ताटं झाकून सगळे पळाले. बाईंनी ते ताट झाकणं पहिल्यांदाच बघितलं. नियम समजावून घेतला आणि विचारलं, "मग परत आल्यावर गारच खातात?"

"गारच. उघडायचं कुणी, तापवायचं कुणी?"

"आणि गार मटण कसं लागतं?"

मेणबत्ती चावल्यासारखं लागतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांचं लक्ष ओट्याकडे गेलं. तिथं सकाळपासून चण्याचा वाडगा होता. शिजलेले चणे, बारीक कांदा, टोमॅटो, ठेचलेला लसूण, लिंबू, वर त्या नव्या तेलाची धार. दोघांनी एकेक चमचा खाल्ला. सकाळपेक्षा कितीतरी चवदार झाले होते. मुरले होते. बाई आणि काका एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसले. इतक्या वर्षांत झाकून ठेवण्यासाठी म्हणून काकांनी कधी स्वयंपाकच केला नव्हता. ताट गार होणार हे माहीत असून रोज गरमच चांगलं लागेल असं शिजवणं चाललं होतं.

मग काकांनी ताकाला जाऊन भांडं लपवायचं ठरवलं, म्हणजे भाषण बंद, चित्र बंद, नुसतं करत राहायचं. बटाटे तसेच ठेवले, पण तळायच्या ऐवजी लसूण आणि तेल चोळून भट्टीत भाजले, कुरकुरीत. पाव बदलला, तो हळूहळू. मासा आणला, लिंबू पिळून भाजला, त्याचे काटे स्वतः बसून काढले. कारण घंटेच्या धाकात काटा कोण बघणार? घंटेजवळच्या टेबलावर अक्रोडाची वाटी ठेवली. ती रिकामी व्हायला लागली, तेव्हा कुणी खाल्ले हे विचारलं नाही. मटणही ठेवलं, पण आठवड्याला एकदा आणि मोजकं. आगीची वर्दी आली की गेलेली माणसं काळवंडून, घामेजून परत यायची, झाकण उचलायची आणि खाली गोठलेली चरबी नसायची. मुरलेलं, आंबट, लसणीचं काहीतरी असायचं. शिडीवाल्याने एकदा चण्याचं ताट बोटाने पुसून चाटलं आणि बकरीची आठवण काढू नका म्हणून स्वतःच आधी दम दिला.

धाकटा मात्र ताठ. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. तो कोपऱ्यावरून तळलेलं आणून गाडीपाशी एकटा बसून खायचा. काका वाढायचे, तो खायचा नाही. काका तरी वाढायचेच, आणि घंटा झाली की तोही नियमाने ते न खाल्लेलं ताट झाकूनच पळायचा. एके दिवशी रबराच्या गोदामाला आग लागली. दुपारी ताटं झाकून गेलेली पाळी रात्री परतली. कोपऱ्यावरचं दुकान बंद. धाकटा टेबलाशी आला आणि आपल्या झाकलेल्या ताटापुढे बसला. मग झाकण काढलं. चणे, भाजलेलं वांगं, पाव. मान खाली घालून सगळं संपवलं. मग चमचा उचलला आणि ताटाच्या कडेवर दोनदा वाजवला.

काकांचा हात आपोआप पातेल्याकडे गेला. तेच बळ, तीच लय. वाढताना पळी ताटावर आपटली.

"आलो रे," ते कसंबसं म्हणाले. राक्षसा हा शब्द तोंडातून फुटला नाही.

त्यानंतर बरे दिवस आले. माणसांची पोटं आत गेली, असं नाही म्हणणार. ड्रायव्हरचं आहे तिथंच आहे. पण जिने चढताना धापा कमी झाल्या, आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातही न येता घडली. गुलाबी बाटली कुणी मागेनासं झालं. काकांनी ती टेबलावरून उचलून फळीवर ठेवली. तिच्यावर धूळ बसली. बाईंनी मात्र त्यांना सावध केलं होतं. "काका, वर्षानुवर्षं साचलेलं एका मोसमात धुवून निघत नाही. धाकट्याला तपासणीला पाठवा." काका रोज सांगायचे. धाकटा रोज म्हणायचा, "जातो की. आता तर तुमचा पाला खातोय, मला काय होतंय?" तो आवाजही हल्ली येत नव्हता. काकांना वाटलं, सुटला बिचारा. आणि तसं वाटलं की ते उगाच मागे वळून रिकाम्या टेबलाकडे बघायचे. कारण आवाज गेला म्हणजे थोरलाही गेला.

मग तो दिवस आला. दुपारचीच वेळ. ताटात मसूर, पालक, भाजलेला मासा. काका पातेल्याशी उभे होते. मागून आलं, टिंग टिंग.

"आलो," म्हणत ते पळी घेऊन वळले. सगळे खाली मान घालून जेवत होते. धाकट्याचा चमचा खाली होता, ताट अर्धं भरलेलं होतं. त्याची मूठ छातीच्या मधोमध होती.

"काका," धाकटा म्हणाला, "ती गुलाबी बाटली कुठंय हो?"

"बंब काढा रे!" शिडीवाला बऱ्याच दिवसांनी ओरडला. हशा झाला.

काका हसले नाहीत. "बाहेर काय खाल्लंस?"

"काही नाही."

"खरं सांग. तळलेलं खाल्लंस?"

"नाही हो, आईशप्पथ. सकाळपासून तुमचंच खातोय."

काकांनी ताटाकडे बघितलं. मसूर, पालक, मासा. यात जळण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. थोरल्याच्या वेळी लोणी होतं, चरबी होती, कोंबलेले घास होते. छातीवरच्या हाताला शंभर कारणं होती, आणि त्या शंभर कारणांच्या आड खरं कारण लपून बसलं होतं. आज ताटात लपायला जागाच नव्हती. "जबडा ठणकतोय का?" काकांनी विचारलं. धाकट्याने चमकून वर बघितलं.

आणि घंटा झाली.

ताटं झाकली गेली, चमचे ठेवले गेले, खुर्च्या सरकल्या. धाकट्यानेही ताट झाकलं. काका त्याच्या आधी निघाले. लंगड्या पायाने, टेबलाला धडकत, बंबापाशी जाऊन पायरीवर बसले. त्याच पायरीवर. गाडी सुरू झाली होती, दारं उघडली होती.

"काका, बाजूला व्हा!" साहेब ओरडले.

"हा येणार नाही. याला उतरवा, मग उठतो."

"वेड लागलं का? वर्दी आहे!"

"लागलंय वेड. त्याला उतरवा म्हणतोय ना!"

धाकट्याने त्यांचा दंड धरून ओढला. "म्हाताऱ्या, लोकं जळतायत तिकडं! दादाच्या जागेवर उभं राहतोय मी, कळतंय का?"

"म्हणूनच!" काका ओरडले. आवाज फाटला. "त्याला मी पाणी आणायला गेलो होतो रे! तुझ्यासाठी नाही जाणार पाणी आणायला!"

साहेबांनी एकवार धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. जाकीट चढवायच्या आधीच कपाळावर घाम डवरला होता, आणि चेहऱ्याचा रंग उतरला होता. "तू थांब," ते म्हणाले. काका उठले. बंब निघून गेला. बंबखान्यात हुकांवर एकच जाकीट राहिलं, आणि ही दोघं.

धाकट्याने शिव्यांची लाखोली वाहिली. काका ऐकत फोन लावत होते. मग शिव्या विरळ झाल्या. मग धाकटा भिंतीला टेकून खाली बसला, जबडा हातात धरून, आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, "काका, मला भीती वाटतेय." काका दुखऱ्या गुडघ्यावर त्याच्याजवळ बसले, त्याचं डोकं छातीशी धरलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडलं नाही.

बाई नंतर म्हणाल्या, की हृदयाच्या नळीत जागाच उरली नव्हती. भरला पाइप खांद्यावर घेऊन एक जिना चढला असता तर विषय संपला असता. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आत काहीतरी बारीक बसवून ती वाट मोकळी केली. पाळी परत येऊन जेवली, तेव्हा टेबलावर एकच झाकलेलं ताट उरलं. सफाईवाल्याने काकांकडे बघितलं. काकांनी ते स्वतः उचलून फ्रिजमध्ये ठेवलं, झाकणासकट, जिथं थोरल्याचं ठेवलं होतं तिथंच. त्यानंतर ते फ्रिज उघडताना दर वेळी तोंड फिरवायचे. हॉस्पिटलातून निरोप आला: माझ्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. मग कुठं काकांच्या जिवात जीव आला. तरी पूर्ण नाही. निरोप काय, तो थोरल्यानेही दिला असता; ताट उघडायला तो तरी कुठं आला?

धाकटा परत आला तो बारीक होऊन, हळू चालत. यापुढे गाडीवर नाही, फोनवर बसून वर्दी घ्यायची, असं ठरलं होतं. दुपारची वेळ, पाळी वर्दीवर गेलेली, जेवायच्या खोलीत काका एकटेच. धाकटा सरळ फ्रिजपाशी गेला. ताट काढलं, टेबलावर ठेवलं, झाकण उचललं. असा वास सुटला की दोघांनी नाकं दाबली.

"हे पण खातोस का?" काकांनी विचारलं, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून जीभ चावली.

धाकटा हसला. मग हसता हसता त्याचे डोळे भरले. "नाही काका," तो म्हणाला. "माझं ताट आहे, मीच टाकतो." त्याने ते सगळं बादलीत ओतलं, मोरीपाशी जाऊन ताट घासलं, चमचा घासला. काका पातेल्यापाशी उभे राहून त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठ थोरल्यासारखीच होती, जरा वाळलेली.

टिंग टिंग.

धाकट्याचे दोन्ही हात पाण्यात होते. त्याने नळ बंद केला. मान वळवली. टेबल मोकळं होतं, खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या, चमचे डब्यात होते.

"काका, तुम्ही वाजवलंत?"

काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. इतक्या दिवसांत तो आवाज दुसऱ्या कुणाच्या कानाला पहिल्यांदाच गेला होता. धाकट्याने ओलं ताट पुसलं, थोरल्याच्या जागेवर टेबलाशी नीट ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतः बसला.

"मग वाढा ना," तो म्हणाला. "चणे आहेत ना? तेच वाढा त्याला."

काकांनी पळी उचलली.